बैलाविना शर्यत

२० ऑगस्ट २०२१ रोजी, पुरते उजाडण्याआधीच, आटपाडी तालुक्यातील झरे गावच्या परिसरात बैलगाडा शर्यत धावली. शर्यतीवर बंदी होती, जमावबंदी होती, वाटा पोलिसांनी रोखल्या होत्या. तरीही माळावर रातोरात धावपट्टी झाली, छकडे आले आणि माणसेही आली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींना मनाई केली होती. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून पाहिली, पण उच्च न्यायालयापुढे ती अडली. झरे येथील त्या पहाटेनंतर चार महिन्यांनी, १६ डिसेंबर २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील शर्यतींना सशर्त वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरविली. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटले. माणदेशातील जैन घरांत मात्र ते मिटले असे म्हणता येत नाही.

कारण उघड आहे. आटपाडी, खरसुंडी, दिघंची या भागांत पिढ्यान्‌पिढ्या पेढी चालविणाऱ्या कुटुंबांचे गिऱ्हाईक म्हणजे खिलार सांभाळणारा शेतकरी. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या पौषी यात्रेत खिलार जनावरांचा जो बाजार भरतो, त्या बाजारात दोर, घुंगरू, पेंड, कापड, भांडी विकूनच कित्येक दुकानांचा हंगाम साजरा होतो. खिलार बैलाचे पांढरेशुभ्र अंग, मागे वळलेली लांब शिंगे आणि ताठ चाल पाहून ज्याला कौतुक वाटत नाही, तो माणदेशी नव्हेच. शर्यत बंद झाली तर हे जनावर कोण पोसणार, ट्रॅक्टरच्या काळात बैल दावणीला राहील तो शर्यतीच्या आशेनेच, हा शेतकऱ्याचा युक्तिवाद पोकळ नाही. अनेकान्ताचे नाव घेणाऱ्याने तो कानाआड करू नये.

परंतु श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार घरोघरी पाठशाळेत शिकविले जातात : जीवाला बांधून ठेवणे, मारणे, त्याचा अवयव छेदणे, त्याच्यावर अतिभार लादणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे. पंधरा कर्मादानांच्या यादीत निर्लांछन कर्माचा उल्लेख येतो. जनावराचे खच्चीकरण, नाक टोचणे, डाग देणे हे सारे त्यात मोडते. वेसण घातलेला, खच्ची केलेला, जुवाखाली जुंपलेला बैल चाकोरीत उभा राहतो तेव्हा यादीतील निम्म्याहून अधिक गोष्टी घडून गेलेल्या असतात. काठी, चाबूक, विजेचा झटका यांना आजच्या नियमांत मनाई आहे. पण नियमाला अशी मनाई लिहावी लागली, यातच पुष्कळ काही आले.

म्हणून घरातील वडीलधारी माणसे मुलांना शर्यतीला जाऊ देत नाहीत, आणि मुले जातातच. वेगाची ओढ, माळावर उडणारी धूळ, कोणाची जोडी पुढे निघते याची धाकधूक, हे सारे पंधरा वर्षांच्या मुलाला नको वाटेल अशी अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नाही. प्रश्न असा आहे की ती ओढ कोठे न्यायची.

समजा, आटपाडीच्या पेठेतील एका किराणा पेढीवरील मुलगा उन्हाळ्याच्या सुटीत एक खोके घेऊन येतो. खोक्यात रेडिओच्या लहरींवर चालणारा, खऱ्या ट्रकच्या एकदशांश आकाराचा शर्यतीचा ट्रक आहे. आजोबा गादीवरून पाहतात आणि म्हणतात, "अरे, एवढे पैसे खेळण्यात घातलेस?" मुलगा म्हणतो, "आजोबा, खेळणे नाही हे. उघडून दाखवतो." या संवादात दोघेही बरोबर असतात. पैसे खरोखरच बरेच गेलेले असतात, आणि ती वस्तू खरोखरच खेळणे नसते. जत्रेतील खेळण्यातील मोटार मोडली की संपली. या ट्रकचा मात्र प्रत्येक खिळा, दांडा, चाक, दातेरी चक्र सुटे मिळते. तो मोडतो, उघडला जातो, पुन्हा उभा राहतो. हत्यारे म्हणजे षट्कोनी चाव्या, चिमटा, पकड आणि एक तेलाची बाटली. या तेलाच्या बाटलीपाशीच खरी विद्या सुरू होते.

या छंदाला आता जवळजवळ पन्नास वर्षे झाली. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ही विजेवर चालणारी रेडिओ-नियंत्रित मोटार बाजारात आणली. ती गुळगुळीत फरशीची गाडी होती. खडबडीत जमिनीवर धावणाऱ्या गाड्या त्या दशकाच्या अखेरीस आल्या. १९८४ मध्ये अमेरिकेतील टीम असोसिएटेड या कंपनीची आरसी-टेन आली. तिच्या चारही चाकांना तेल भरलेले ॲल्युमिनियमचे शॉकअप होते. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील डेल मार येथे या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि दोन चाकांना चाल देणाऱ्या गाड्यांच्या गटात याच गाडीवर गिल लोसी धाकटे विजयी झाले. आज ज्याला शर्यतीचा छोटा ट्रक म्हणतात, त्याची लाट २००८ मध्ये ट्रॅक्सस कंपनीच्या स्लॅशपासून उसळली. मेक्सिकोच्या वाळवंटात धावणाऱ्या खऱ्या ट्रकांचे ते लघुरूप होय : मोठी चाके, सैल अंग, आणि उडी मारून पडण्याची तयारी.

आता पडण्याचा हिशोब पाहावा, कारण सारे शास्त्र तेथेच आहे. गाडी दहापट लहान केली म्हणून पृथ्वीचे आकर्षण दहापट कमी होत नाही. छोटा ट्रक एक मीटर उंचीवरून पडला तर त्याच्या मानाने ती दहा मीटरची, म्हणजे तीन मजल्यांची उडी होते. अडीच किलोचा ट्रक एक मीटरवरून येतो आणि त्याचे शॉकअप साडेतीन सेंटिमीटर दबून त्याला थांबवितात, असे धरू. टायरची दब सोडून दिली तर त्या साडेतीन सेंटिमीटरांत सरासरी सत्तर किलो वजनाइतका भार येतो, म्हणजे ट्रकच्या वजनाच्या अठ्ठावीसपट. शॉकअप नीट नसेल तर हा सगळा भार एका क्षणात, एका ठिकाणी येतो आणि प्लास्टिकचा हात काडीसारखा मोडतो. आपल्याकडच्या लाकडी बैलगाडीला स्प्रिंग नसते हे येथे आठवावे. लोखंडी धाव दगडावर आपटली की तो धक्का आखातून साट्याला आणि जुवातून बैलाच्या मानेला जातो. शर्यतीच्या छकड्याचीही तीच गत. अतिभार म्हणजे केवळ गोणीचे वजन नव्हे. न झेललेला धक्का हाही भारच असतो.

मालट्रकचे पाटे सर्वांनी पाहिले आहेत. आटपाडीच्या बाजार समितीतून डाळिंबाची क्रेट भरून निघालेली गाडी पाट्यांवर डुलत जाते. पाटा असो वा वेटोळ्याची स्प्रिंग, तिचे काम एकच : धक्का साठवून घेणे. पण स्प्रिंग घेतलेले सगळे परत करते, आणि तेही वेळ पाहून नव्हे. बिनव्याजी उसनवारीसारखी ती जेवढे घेते तेवढे ताबडतोब अंगावर फेकते. केवळ स्प्रिंगवर उभी केलेली गाडी उडी मारल्यावर चेंडूसारखी पुनःपुन्हा उसळत राहते आणि चाक हवेत असेपर्यंत तिला ना वळता येते, ना थांबता येते. ही परतफेड आवरण्यासाठी तेलाची नळी लागते. नळीत तेल, तेलात भोके असलेला दट्ट्या, दट्ट्याला दांडी. चाक हलले की दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक भोकांतून कष्टाने वाट काढते आणि धक्क्याची शक्ती उष्णतेत विरून जाते. चांगली शर्यत झाल्यावर शॉकअपला बोट लावले तर ते कोमट लागते. उडीचा हिशोब तेथे चुकता झालेला असतो.

इंजिनाच्या मागे सगळे धावतात, शॉकअपकडे कोणी पाहत नाही, ही तक्रार या छंदातील जुनी माणसे करतात आणि ती खरी आहे. नवा मुलगा पहिल्यांदा अधिक ताकदीची मोटर मागतो. अनुभवी माणूस पहिल्यांदा चारही शॉकअप उघडतो.

उघडल्यावर काय करायचे, हे सविस्तर सांगण्याजोगे आहे, कारण येथेच घाई केली जाते. कारखान्यातून आलेल्या शॉकअपमध्ये पुष्कळदा एकीत तेल जास्त तर दुसऱ्यात कमी असते. चारही रिकामे करावेत, स्वच्छ पुसावेत, दांडीवर ओरखडा आहे का ते प्रकाशात पाहावे. ओरखडा असेल तर ती दांडी रबरी कडी कापते आणि तेल गळते. अशी दांडी बदलावी, घासून वापरू नये. तेल सिलिकॉनचेच हवे. घरात आहे म्हणून इंजिनाचे तेल किंवा शिलाई यंत्राचे तेल घालण्याचा मोह होतो. खनिज तेलाने आतील रबरी कड्या फुगतात आणि दांडी अडकू लागते. नळी उभी धरून काठापर्यंत तेल भरावे, दट्ट्या हळूहळू वर-खाली करावा आणि मग थांबावे. थांबणे महत्त्वाचे. तेलातील बुडबुडे वर यायला पाच-दहा मिनिटे लागतात. दाट तेलात त्याहूनही अधिक. सामायिकाला बसताना घड्याळाकडे न पाहणारे घर असेल तर त्या घरातील मुलाला हे जमते.

झाकण लावताना आणखी एक गुंता असतो. दांडी आत गेली की ती स्वतः जागा व्यापते. तेल तर दबत नाही. मग ते जाणार कोठे? म्हणून काही शॉकअपमध्ये झाकणाखाली रबराची छोटी पिशवी असते, जी दबून जागा देते. काहींत पिशवी नसते; तेथे थोडी हवा मुद्दाम तेलात मिसळू दिली जाते. पहिल्या प्रकारात चाल एकसारखी राहते, दुसऱ्यात देखभाल सोपी. दोन्ही चालतात. चालत नाही ती गोष्ट म्हणजे पुढच्या डाव्या चाकाला एक प्रमाण आणि उजव्याला दुसरे. दोन्ही शॉकअप, स्प्रिंगा काढून, एकमेकांसमोर टोकाला टोक लावून दोन तळहातांत दाबावेत. एक आधी दबला तर त्यात खोट आहे. तो पुन्हा उघडावा. गलाईच्या व्यवसायासाठी आटपाडी आणि खानापूर तालुक्यांतून देशभर गेलेल्या मंडळींना हे वेगळे सांगावे लागणार नाही. ज्या हातांनी सोन्या-चांदीची शुद्धता तोलली जाते, त्या हातांना एका थेंबाचा फरक जाणवतो.

तेलाच्या दाटपणाविषयी एक व्यापारी सावधगिरी सांगितली पाहिजे. बाटलीवर तीस, पस्तीस, चाळीस असे 'वजन' छापलेले असते, पण हे वजन किलोत नाही. ते दाटपणाचे जुने नाव आहे, आणि एका कंपनीचे तीस दुसऱ्या कंपनीच्या तीसशी जुळेलच असे नाही. दशमान पद्धत येण्यापूर्वी प्रत्येक पेठेचा शेर वेगळा आणि मण वेगळा होता, त्याचीच ही आवृत्ती. भरवशाचे माप म्हणजे सेंटिस्टोक. टीम असोसिएटेडच्या कोष्टकात तीस वजनाचे तेल ३५० सेंटिस्टोक, पस्तीस वजनाचे ४२५ आणि चाळीस वजनाचे ५०० इतके धरले आहे. खरेदी करताना सेंटिस्टोक वाचावेत आणि शक्यतो एकाच कंपनीचे तेल ठेवावे. एकदशांश ट्रकला बहुधा याच पट्ट्यातील तेल लागते.

आटपाडीत यावर उन्हाचा विचार वाढतो. सिलिकॉनचे तेल खनिज तेलाच्या मानाने उष्णतेला कमी बदलते, पण बदलते. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी नीट बसविलेला ट्रक मे महिन्यात माणदेशाच्या माळावर, सावलीतच चाळीस अंश असताना, सैल वाटू लागतो. उडीनंतर पोट जमिनीला टेकते. तेव्हा स्प्रिंग बदलण्याची घाई करू नये. तेल पाच वजनांनी दाट करून पाहावे. पुष्कळदा दुखणे तेवढेच असते.

दट्ट्याच्या भोकांचा विषय सर्वांत सूक्ष्म आहे आणि तो समजला की अर्धे काम झाले. भोके लहान असतील तर हळू हालचालीत तेल जाते, पण जोराच्या धक्क्यात ते अडून बसते आणि शॉकअप क्षणभर काठीसारखा कडक होतो. मोठ्या उडीवरून पडताना हे उपकारक असते. पोट आपटत नाही. पण लहान-लहान खड्ड्यांच्या पट्टीवर हाच कडकपणा चाकाला जमिनीवरून उडवितो. उलट भोके मोठी आणि तेल दाट असेल तर हळू हालचालीत चाल तशीच आवरलेली राहते, पण खड्ड्यात चाक मोकळे होऊन जमिनीला चिकटून राहते. म्हणजे एकच 'कडकपणा' नसतो. हळू चालीचा वेगळा आणि जोराच्या चालीचा वेगळा. माणसाच्या स्वभावातही हे दिसते, पण ते असो.

शॉकअप भरून झाले की उंची. बॅटरी आत ठेवूनच हे माप घ्यावे, कारण बॅटरीचे वजन लक्षणीय असते. ट्रक सपाट फरशीवर वीतभर उंचीवरून सोडावा आणि तो कोठे स्थिरावतो ते पाहावे. चाकाला जोडणारे खालचे हात साधारण आडवे, जमिनीला समांतर दिसले तर सुरुवात बरी झाली. स्प्रिंगवरील कडे फिरवून उंची कमी-अधिक करता येते. पण कडे घट्ट केले म्हणजे स्प्रिंग कडक झाली हा समज चुकीचा आहे. स्प्रिंग तीच राहते, ट्रक फक्त उंच होतो. घरातील भाजी तोलण्याचे एकसारखे डिजिटल काटे मिळाले तर चाकांखाली ठेवून डाव्या-उजव्या बाजूचा भारही पाहता येतो. एका बाजूला भार जास्त असेल तर ट्रक ब्रेक लावताना दरवेळी एकाच बाजूला ओढतो आणि चालविणारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

मग चाकाची लोंबती चाल : ट्रक हातात उचलला की चाके किती खाली लोंबतात ती. खडबडीत जमिनीवर मागची चाके अधिक लोंबू द्यावीत, म्हणजे अंग वर उसळले तरी चाक जमिनीला शोधत खाली येते. गुळगुळीत, दाबलेल्या मातीवर ही चाल कमी केली की ट्रक वळणात कमी झुकतो आणि चटकन उत्तर देतो. शॉकअपचे वरचे टोक आत सरकवून त्याला अधिक तिरका केला तर चाल सुरुवातीला मऊ लागते आणि दबत जाईल तशी कडक होते. उभा केला तर पहिल्यापासूनच तरतरीत. चाकाचा माथा किंचित आत झुकलेला ठेवतात, एक ते दोन अंश, म्हणजे वळणात अंग कलले तरी टायर पुऱ्या रुंदीने टेकतो. पुढची स्प्रिंग मऊ केली की वळायला पकड वाढते, मागची मऊ केली की वेग धरताना पकड वाढते. दोन्ही मऊ केल्या तर काय होते, हे प्रत्येक मुलगा एकदा तरी करून पाहतो. ट्रक होडीसारखा डोलतो.

आणि या सर्वांआधी टायर. मुरमाच्या माळावर बारीक खडे सुटे असतात. तेथे आखूड, दाट काट्यांचा टायर खड्यांवर तरंगतो आणि मोठ्या, विरळ काट्यांचा टायर खाली घट्ट थर गाठतो. टायर चुकला तर शॉकअपची सारी विद्या वाया जाते. आटपाडीच्या मुलाने, परदेशातील शर्यतीत कोणा विजेत्याने काय बसविले होते, त्याची नक्कल करू नये. तेथील धावपट्ट्या पाणी मारून, दाबून, कधी कधी गालिचा अंथरून केलेल्या असतात. आपला माळ खडकाळ आहे, त्यावर बाभळीचे काटे आहेत. त्याला मऊ स्प्रिंग, मोकळा दट्ट्या, थोडी जास्त उंची आणि मागे भरपूर लोंबती चाल हीच योग्य सुरुवात. येथे बहुतेकांचा कल उलटा असतो : ट्रक उसळतो म्हणून ते अधिक कडक करतात, आणि तो अधिक उसळतो.

बदल एका वेळी एकच करावा आणि लिहून ठेवावा. हे वाक्य प्रत्येक जाणकार सांगतो आणि क्वचितच कोणी पाळतो. व्यापारी घरात मात्र याचे अप्रूप असू नये. तारीख, वार, ऊन की ढग, माती कोरडी की ओली, पुढचे तेल, मागचे तेल, स्प्रिंगचा रंग, उंची मिलिमीटरमध्ये, आणि पाच फेऱ्यांची वेळ. ही रोजकीर्दच आहे. महिन्याने तिची खतावणी केली की कोणत्या बदलाने खरोखर वेळ वाचला आणि कोणत्याने केवळ वाचल्यासारखा वाटला, हे नजरेला येते. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि ट्रक सुधारला, तर जमा कोणत्या खात्यावर टाकायची? गादीवरचे आजोबा येथे मुलाच्या उपयोगी पडतात. त्यांना दट्ट्या कळत नसेल, पण फेरीच्या वेळांचा रकाना पाहून ते सांगतात, "बाळ, तिसरी फेरी सोड, ती नशिबाची. बाकीच्या चारांचे काय?"

एवढे सांगितल्यावर एक अवघड प्रश्न उरतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बैलाला जुंपले नाही, चाबूक मारला नाही, म्हणून हा खेळ निर्दोष झाला का? शास्त्राने अनर्थदंडाची संकल्पना दिली आहे. ज्या हिंसेला काही प्रयोजनच नाही, ती गृहस्थानेही टाळावी. माळ हा निर्जीव नसतो. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चार चाकांखाली मुंग्यांची रांग येते, गवतातील किडे येतात. पेठेतील एखादे कठोर श्रावक घर म्हणेल की व्यापारासाठी केलेला प्रवास अटळ आहे, हा मात्र निव्वळ करमणुकीसाठी आहे, म्हणून दोष अधिक. हे म्हणणे खोडून काढता येत नाही.

परंतु यतनाही शास्त्रानेच शिकविली आहे. कोरडी, गवत नसलेली, झाडून घेतलेली, दाबलेली एकच पट्टी ठरवावी आणि ट्रक तिच्याबाहेर नेऊ नये. सुरू करण्यापूर्वी पायी एक फेरी मारून जमीन पाहावी. खडे आणि काटे वेचण्यासाठी शर्यतवाले हे करतातच, नजर थोडी अधिक खाली ठेवली की झाले. चातुर्मासात, जमीन हिरवी आणि जीवांनी भरलेली असताना, ट्रक खोक्यात ठेवावा. ते चार महिने शॉकअप उघडून, कड्या बदलून, वही चाळून घालविता येतात, आणि खऱ्या शर्यतवाल्याला त्या दिवसांची गरज असते. खेळ सूर्यास्तापूर्वी संपवावा; जेवणाची वेळही तीच. द्रव इंधन जाळणाऱ्या गाड्याही मिळतात. त्यांचा धूर आणि आवाज पाहता विजेची गाडी पत्करावी. विजेच्या गाडीची लिथियमची बॅटरी मात्र नाजूक प्रकरण आहे : फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, चार्ज करताना घर सोडून जाऊ नये, आणि दुकानात, कापडाच्या गठ्ठ्यांजवळ तर तिला स्थानच देऊ नये.

खिलाराचे काय, हा शेतकऱ्याचा प्रश्न तरीही तसाच आहे. पेठेतील मुलगा ट्रक फिरवू लागला म्हणून दावणीच्या बैलाला वैरण मिळत नाही. ज्या घरांना शर्यत नको आणि खिलारही हवा, त्या घरांनी गोशाळेच्या देणगीपावतीवर थांबू नये. जातिवंत वळू आणि गायी पाळणाऱ्याला शर्यतीशिवाय परवडेल असा आधार कसा द्यायचा, हा धर्माइतकाच अर्थकारणाचा प्रश्न आहे, आणि अर्थकारण ज्यांना येते त्यांनीच तो हाती घेतला पाहिजे. नुसत्या नाक मुरडण्याने शेतकरी आणि पेढी यांत अंतर मात्र वाढते.

उन्हे कलली की समजा त्याच मुलाचा ट्रक माळाच्या पट्टीवर शेवटची उडी घेतो. सकाळी तो पडून दोनदा उसळत होता; दुपारी तेल पाच वजनांनी दाट केले, दट्ट्या मोठ्या भोकांचा घातला, मध्ये एक फेरी वाया गेली कारण मागच्या डाव्या शॉकअपमध्ये बुडबुडा राहिला होता. आता तो पडतो, एकदाच दबतो आणि सरळ निघतो. आवाजही वेगळा येतो, आपटल्याचा नव्हे, दबल्याचा. शेजारच्या शेतातून गाडी घेऊन निघालेला एक शेतकरी बैलांना थांबवून पाहतो, जवळ येतो, ट्रक हातात घेऊन त्याचे एक चाक बोटाने वर-खाली करतो, आणि विचारतो, "आमच्या गाडीला असलं काय बसल का रं?"

मुलगा आधी हसतो. मग वही काढतो आणि गाडीचे वजन किती, भरल्यावर किती, धाव केवढी, आख लाकडी की लोखंडी, हे विचारू लागतो.